अमेरिकेतले बिनकागदी लोक रांगेत का उभे राहत नाहीत? आणि कायद्यात नेमकं काय बदलायला हवं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर बारा-पंधरा वर्षं काढली. नोकरी सोडायची भीती, मुलं एकवीसची व्हायला आलेली, ग्रीन कार्डाची तारीख पुढे सरकत नाही. मग जे सीमा ओलांडून आले किंवा व्हिसा संपूनही राहिले, त्यांना कायदेशीर करणं हा आमच्यावर अन्याय नाही का? त्यांनी आमच्यासारखं रांगेत का उभं राहू नये? आणि कायदा सुधारायचाच म्हटलं तर नेमकं काय बदलायचं?"

तुमचा राग रास्त आहे. पण ते लोक रांग मोडून पुढे घुसले, हे गृहीत धरणं चुकीचं आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांसाठी रांगच नाही.

अमेरिकेत कायमचं राहायला जायच्या वाटा मोजून चार: जवळचं नातं, नोकरी, लॉटरी आणि आश्रय. नोकरीच्या सगळ्या श्रेणींना मिळून वर्षाला १,४०,००० व्हिसा हा आकडा १९९० च्या कायद्याने ठरवला आणि तो आजही तोच आहे. बायको-मुलंसुद्धा त्यातच मोजली जातात. त्यातही पदवी किंवा दोन वर्षांचं प्रशिक्षण लागत नाही अशा कामांसाठी, म्हणजे भाजी तोडणं, हॉटेलच्या खोल्या झाडणं, कोंबड्या कापायचे कारखाने, बांधकामावरची हमाली, अख्ख्या जगाला मिळून जास्तीत जास्त १०,०००. लॉटरीतून मेक्सिको आणि भारत दोन्ही वगळलेले. भाऊ किंवा बहीण नागरिक असेल तर एफ-४ श्रेणी आहे, पण तिथे मेक्सिकोच्या अर्जदाराला वीस वर्षांहून जास्त थांबावं लागतं. आश्रयासाठी छळ सिद्ध करावा लागतो, आणि तोही वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यांमुळे झालेला. गरिबी त्यात बसत नाही. म्हणजे ज्याचं अमेरिकेत कोणी नाही, हातात पदवी नाही आणि गावात काम नाही, त्याने भरायचा फॉर्मच अस्तित्वात नाही.

हंगामी शेतमजुरांसाठी एच-२ए व्हिसा आहे आणि त्याला संख्येची मर्यादाही नाही. पण काम हंगामी असल्याचं मालकाने दाखवावं लागतं. विस्कॉन्सिनमधल्या गोठ्यात गाईची धार दिवसातून दोन-तीनदा आणि बारा महिने काढावी लागते. बारमाही काम हंगामी ठरत नाही, म्हणून दुग्धव्यवसायाला हा व्हिसा मिळत नाही. गोठ्याचा मालक कायद्याने चालायचं ठरवतो तेव्हाही त्याला भरायला अर्ज नसतो. पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्क्यांकडे कागद नाहीत, असं तिथल्या कामगार खात्याचीच पाहणी सांगते.

हे लोक नेमके कधी 'बेकायदा' झाले, तेही पाहण्यासारखं आहे. १९४२ ते १९६४ या काळात 'ब्रासेरो' नावाच्या कराराखाली मेक्सिकन मजूर हंगामापुरते येत आणि परत जात. १९६४ च्या अखेरीस तो करार संपला. १९६५ च्या कायद्याने भारतीयांसाठी दार उघडलं हे आपल्याला माहीत असतं. त्याच कायद्याने अमेरिका खंडांतल्या देशांवर पहिल्यांदा संख्येची मर्यादा घातली, सगळ्यांना मिळून वर्षाला १,२०,०००, आणि ती १९६८ पासून लागू झाली. १९७६ मध्ये वर आणखी देशागणिक २०,००० ची मर्यादा बसली. शेतं तीच राहिली, मजूर तेच, मालकही तेच. कागद तेवढा गेला.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. १९९६ च्या सप्टेंबरात अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेला कायदा १ एप्रिल १९९७ पासून लागू झाला आणि बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजायला सुरुवात झाली. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत राहून देश सोडला, तर तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त राहून सोडला, तर दहा वर्षं. यातले शब्द नीट वाचा: 'राहून सोडला, तर'. माणूस आत आहे तोवर ही बंदी सुरूच होत नाही. विमानात बसला की सुरू होते. लोकांनी राहू नये म्हणून केलेल्या तरतुदीने, आधीच राहिलेल्यांना जाणं अशक्य करून ठेवलं. एल पासोला १९९३ मध्ये आणि सॅन दिएगोला १९९४ मध्ये सीमेवर कडक पहारा बसला होताच. त्यामुळे हंगाम संपला की गावी जाणारा माणूस गावी जायचा थांबला आणि बायको-मुलांनाच इकडे बोलावू लागला.

ही कडी कशी लागते ते दोन उदाहरणांत ठेवतो. एक माणूस पर्यटक व्हिसावर विमानाने आला, मुदत संपली, आठ वर्षं राहिला. दुसरा अॅरिझोनाच्या वाळवंटातून चालत आला, तोही आठ वर्षं राहिला. दोघांची लग्नं अमेरिकन नागरिकांशी झाली, दोघांना दोन-दोन मुलं, दोघांवर एकही गुन्हा नाही. पहिल्याचा अर्ज साधा आहे: पत्नीने आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज), सोबतच त्याने आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज), वैद्यकीय तपासणी, मुलाखत, आणि देश न सोडता ग्रीन कार्ड. कारण विमानतळावर अधिकाऱ्याने त्याला तपासून आत घेतलं होतं. नागरिकाच्या जोडीदाराला, आई-वडिलांना आणि एकविसाच्या आतल्या अविवाहित मुलांना मुदत संपूनही राहिल्याची माफी कायद्यातच आहे. दुसऱ्याला कोणी तपासून आत घेतलेलं नाही, म्हणून त्याला हा अर्ज आतून करता येत नाही. त्याने स्वतःच्या देशातल्या अमेरिकन कॉन्सुलेटला जायचं, म्हणजे मेक्सिकन असेल तर सिउदाद हुआरेस, भारतीय असेल तर मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुल. आणि देश सोडताच दहा वर्षांची बंदी. दोघांतला फरक आय-९४ या, तपासून आत घेतल्याच्या, एका नोंदीचा.

यावर उपाय म्हणून आय-६०१ए ही सवलत आहे. २०१३ मध्ये सुरू झाली, २०१६ मध्ये वाढवली. देश सोडण्याआधीच अर्ज करून बंदी माफ करून घ्यायची, मग कॉन्सुलेटला जायचं. कागदावर चांगली आहे. अडचणी अशा: 'अतिशय हाल' होतील हे दाखवावं लागतं आणि ते अर्जदाराच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचे किंवा आई-वडिलांचे. मुलांचे हाल त्यात धरले जात नाहीत. आठ वर्षांच्या मुलाला दमा आहे, वडिलांच्या विम्यावर औषध चालतं, तर ते थेट मोजलं जात नाही. त्या मुलाला सांभाळताना आईचे काय हाल होतील, अशा वळणाने मांडावं लागतं. निकालाला वर्षं लागतात. आणि सवलत फक्त बेकायदा वास्तव्यापुरती असते. कॉन्सुलेटमधल्या अधिकाऱ्याला दुसरं कुठलंही कारण सापडलं की ती आपोआप रद्द होते, आणि माणूस तोवर देशाबाहेर असतो.

हे 'दुसरं कारण' बहुतेक वेळा दोन प्रकारचं असतं. पहिलं, कायमची बंदी. वर्षभर बेकायदा राहून बाहेर गेला आणि पुन्हा विनातपासणी आत आला, तर कायमची बंदी लागते, आणि माफी मागायला अर्ज करण्यासाठीसुद्धा आधी दहा वर्षं बाहेर काढावी लागतात. २००५ मध्ये आईच्या अंत्यविधीला गावी गेलेला आणि महिन्याभराने वाळवंटातून परत आलेला माणूस यात सापडतो. दुसरं, नागरिकत्वाचा खोटा दावा. नोकरी लागताना आय-९ फॉर्म भरावा लागतो, त्यातला पहिलाच चौकोन 'अमेरिकेचा नागरिक' असा आहे. घाईत किंवा मुकादमाने सांगितलं म्हणून त्यावर खूण केली, की ३० सप्टेंबर १९९६ नंतरच्या अशा दाव्याला ग्रीन कार्डासाठी माफीच नाही. नागरिकाशी लग्न असो, मुलं असोत, काही उपयोग नाही. हे ग्रीन कार्डवाल्यांनीही लक्षात ठेवावं: ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीचा कागद पुढे सरकवला जातो, त्यावर सही करू नका.

लहानपणी आणलेल्या मुलांचा हिशेब वेगळाच आहे. अठरा पूर्ण होईपर्यंतचे दिवस तीन आणि दहा वर्षांच्या बंदीसाठी मोजले जात नाहीत. मोजणी अठराव्या वाढदिवसाला सुरू होते. म्हणजे शाळा संपल्यावर साधारण सहा महिन्यांत त्या मुलाने, जो देश त्याला आठवतही नाही तिथे निघून जायचं, नाहीतर बंदी. हद्दपारी पुढे ढकलणारं २०१२ चं 'डाका' यांच्यासाठी होतं, पण तो प्रशासकीय दिलासा आहे, दर दोन वर्षांनी नूतनीकरण, त्यातून ग्रीन कार्ड नाही. १५ जून २००७ पासून सलग वास्तव्य हवं, म्हणून आज शाळेत असलेली बहुतेक मुलं त्यात येतच नाहीत. आणि त्या दिवशी, १५ जून २०१२ ला, ज्याच्याकडे कायदेशीर स्टेटस होतं तोही अपात्र. एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) वाढलेली आपली मुलं यामुळेच बाहेर राहिली.

मग बदलायचं काय? लोक मोठ्या विधेयकाची वाट पाहत बसतात. माझं मत वेगळं आहे. मोठी विधेयकं २००६, २००७ आणि २०१३ मध्ये पडली किंवा अडली. कायद्यात आधीच असलेल्या दोन कलमांमधल्या तारखा बदलल्या तरी अर्ध्याहून जास्त गाठी सुटतात.

पहिलं कलम २४९, ज्याला 'रजिस्ट्री' म्हणतात. ठरावीक तारखेच्या आधी आलेला, तेव्हापासून सलग राहिलेला, चांगल्या वर्तणुकीचा माणूस थेट ग्रीन कार्ड मागू शकतो. कसा आला ते विचारात घेतलं जात नाही, नातेवाईक लागत नाही, व्हिसाचा कोटा लागत नाही, आणि गंभीर गुन्हे, मानवी तस्करी, दहशतवाद यांतली माणसं आपोआप गळतात. हे कलम १९२९ चं आहे. तेव्हा तारीख होती १९२१ ची, म्हणजे आठ वर्षं मागची. पुढे ती १९२४ वर आणली, १९५८ मध्ये १९४० वर, १९६५ मध्ये १९४८ वर, १९८६ मध्ये १ जानेवारी १९७२ वर. प्रत्येक वेळी साधारण आठ ते अठरा वर्षांचं अंतर. १९८६ नंतर कुणी हातच लावला नाही. त्या तारखेआधी आईच्या कडेवर आलेलं तान्हं बाळ आज पन्नाशी ओलांडून गेलंय. २०२२ मध्ये सात वर्षांचा फिरता निकष सुचवणारं विधेयक आलं, म्हणजे तारीख दरवर्षी आपोआप पुढे सरकेल. मंजूर झालं नाही. सुधारणेसाठी एकच गोष्ट मागायची असेल तर मी ही मागेन, कारण फिरता निकष असला की दर तीस वर्षांनी 'माफी द्यायची की नाही' हा वाद उकरावा लागत नाही. स्पेनमध्ये 'आराइगो' या नावाने अशीच कायमस्वरूपी सोय आहे, आणि मे २०२५ पासून तिथली वास्तव्याची अट बहुतेक प्रकारांसाठी दोन वर्षांवर आणली आहे.

दुसरं, कलम २४५(आय). १,००० डॉलर दंड भरून, विनातपासणी आलेल्यालाही देश न सोडता अर्ज करायची मुभा. १९९४ मध्ये आलं. ज्याच्यासाठीचा अर्ज ३० एप्रिल २००१ पर्यंत दाखल झाला त्यालाच ते आज लागू होतं. वर सांगितलेल्या दुसऱ्या माणसाचा प्रश्न या एका कलमाने सुटतो. एक व्यावहारिक सूचना: १९९८ ते २००१ दरम्यान एखाद्या काका-मामाने, मालकाने अर्ज केला असेल, तो पुढे सोडून दिला असेल, तरी तो दाखल झाला तेव्हा ग्राह्य असेल तर त्याचा फायदा दुसऱ्या अर्जात मिळू शकतो. त्या वेळी अल्पवयीन असलेल्या मुलांनाही. घरातल्या जुन्या फायली उघडून पाहा.

यासोबत तीन-दहा वर्षांच्या बंदीसाठी मुलांचे हाल धरले जावेत आणि माफीचा अधिकार न्यायाधीशाला मिळावा, एवढं झालं तरी पुष्कळ.

१९८६ चा अनुभव इथे सांगायलाच हवा, कारण विरोधक त्याचाच दाखला देतात आणि त्यात तथ्य आहे. अध्यक्ष रेगन यांच्या सहीने झालेल्या त्या कायद्याने सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. चुकलं ते असं: सही नोव्हेंबर १९८६ ची, पण पात्रतेची तारीख १ जानेवारी १९८२. म्हणजे मधल्या पाच वर्षांत आलेले पहिल्या दिवसापासून बाहेर, आणि तेच पुढच्या बिनकागदी पिढीचा पाया झाले. अर्जाची खिडकी जेमतेम बारा महिन्यांची, मे १९८७ ते मे १९८८. शेतमजुरांसाठीच्या वेगळ्या योजनेत फक्त ९० दिवसांच्या कामाचा पुरावा हवा होता आणि मालकाचं प्रतिज्ञापत्र चालत होतं, त्यामुळे तिथे खोटे कागद बक्कळ निघाले. बायको-मुलांचा विचार केला नाही, त्यामुळे नवरा कायदेशीर आणि बायको बेकायदा अशी लाखो घरं उभी राहिली. आणि मालकांवर जबाबदारी टाकली ती आय-९ ची, ज्यात कागद वरवर खरा दिसला तरी पुरतं. खोट्या कार्डांचा धंदा तिथूनच वाढला. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुढे लागणाऱ्या बारमाही मजुरांसाठी पुरेशी कायदेशीर वाट ठेवली नाही. वर म्हटलेली १०,००० ची मर्यादा त्यानंतर चार वर्षांनी आली. म्हणून आज कुणी नुसतं 'सगळ्यांना माफी' म्हणालं तर मी पाठिंबा देणार नाही. माफीसोबत बारमाही कामाचा व्हिसा हवा, आणि तो मालकाच्या नव्हे तर मजुराच्या हातात हवा. मालक बदलला की स्टेटस जातं, अशा व्हिसावर माणूस वेतन बुडवलं तरी तक्रार करत नाही. हे एच-१बीवाल्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

काही उपाय ऐकायला कडक वाटतात आणि चालत नाहीत. २००७ च्या विधेयकात कुटुंबप्रमुखाने मायदेशी जाऊन अर्ज करून परत यायची अट होती. दहा वर्षांच्या बंदीची धास्ती घेतलेला माणूस अशा आश्वासनावर विमानात बसणार नाही. 'मागचे सगळे कर वसूल करा' हेही तसंच. रोखीच्या मजुरीचा बारा वर्षांचा हिशेब ना मजुराकडे असतो ना कर खात्याकडे. शिवाय आयटीआयएन या, कर भरण्यापुरत्या मिळणाऱ्या, क्रमांकावर किंवा पगारातून कापून कर भरणारे यांत भरपूर आहेत. नोकरीवर घेताना ऑनलाइन तपासणी करणारं ई-व्हेरिफाय सगळ्या मालकांना सक्तीचं करा म्हणतात. ती यंत्रणा नाव आणि क्रमांक जुळतात का ते तपासते. दुसऱ्याचा खरा क्रमांक वापरणारा त्यातून पार होतो, आणि बाकीचे रोखीच्या कामाकडे ढकलले जातात, जिथे पडून हाड मोडलं तर विचारणारं कोणी नाही.

वागणुकीबद्दल. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकन लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हरयाणा आणि गुजरातचे प्रत्येकी ३३, पंजाबचे ३०, आणि तीन जण महाराष्ट्राचे होते. हातात बेड्या, पायात साखळ्या. बेकायदा वास्तव्य हा मुळात दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, व्हिसाची मुदत संपून राहणं हा फौजदारी गुन्हासुद्धा नाही. पण दिवाणी म्हटल्यामुळेच एक विचित्र गोष्ट होते: फौजदारी आरोपीला मिळणारा सरकारी वकील इथे मिळत नाही. वकील करायची मुभा आहे, पण 'सरकारला खर्च न येता' असे शब्दच कायद्यात आहेत. समोर मात्र सरकारचा वकील उभा असतो. न्यायाधीश स्वतंत्र न्यायपालिकेचा नसतो, तो न्याय खात्याचा नोकर असतो, आणि त्याचा निकाल अॅटर्नी जनरल स्वतः फिरवू शकतो. तुंबलेले खटले ३० लाखांच्या वर आहेत. जुलै २०२५ च्या कायद्याने लोकांना डांबून ठेवण्याच्या जागांसाठी ४५ अब्ज डॉलर दिले, आणि त्याच कायद्याने इमिग्रेशन न्यायाधीशांची संख्या नोव्हेंबर २०२८ पासून ८०० च्या पुढे जाणार नाही असं ठरवलं. खाटा वाढवायच्या आणि निकाल देणारे मोजून ठेवायचे, तर माणसं आत कुजणार, हे गणित कुणालाही कळेल. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशनच्या अपील मंडळाने विनातपासणी आलेल्यांना जामिनावर सोडायचा अधिकार इमिग्रेशन न्यायाधीशांना नाही असा निर्णय दिला. वीस वर्षं एकाच गावात राहणारा माणूसही त्यात आला. तेव्हापासून लोक संघीय न्यायालयात हेबियसचे, म्हणजे डांबून ठेवण्याला आव्हान देणारे, अर्ज करत आहेत आणि अनेक न्यायाधीशांनी तो अर्थ नाकारला आहे. स्वतंत्र इमिग्रेशन न्यायालय आणि निदान मुलांना तरी सरकारी वकील, या मागण्या जुन्या आहेत आणि रास्त आहेत.

या न्यायालयात पुष्कळ माणसं कशाने हरतात? पत्त्याने. घर बदललं की एआर-११ भरतात आणि निश्चिंत होतात. तो फॉर्म इमिग्रेशन सेवा विभागाकडे जातो. न्यायालय वेगळ्या खात्याचं आहे, त्याला ईओआयआर-३३ हा वेगळा फॉर्म पाच दिवसांत द्यावा लागतो. तो दिला नाही तर तारखेची नोटीस जुन्या घरी जाते, माणूस गैरहजर राहतो आणि गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम होतो. आजारपणासारखं सबळ कारण असेल तर १८० दिवसांत खटला पुन्हा उघडायचा अर्ज करता येतो, नोटीस मिळालीच नसेल तर केव्हाही, पण पत्ता तुम्हीच कळवला नसेल तर ते कारण टिकत नाही.

दहा वर्षं राहिलेल्यांसाठी हद्दपारी रद्द करण्याची एक तरतूद आहे. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार, आई-वडील किंवा मूल यांचे 'असाधारण आणि अत्यंत' हाल सिद्ध करायचे. इथे मूल धरलं जातं, हे चांगलं. पण अशा मंजुऱ्या वर्षाला फक्त ४,०००. न्यायाधीशाला पटलं तरी क्रमांक शिल्लक नसला की निकाल थांबतो. शिवाय खटल्याची नोटीस बजावली की दहा वर्षांचं घड्याळ थांबतं. सरकार वर्षानुवर्षं तारीख-वेळ न लिहिता नोटिसा देत होतं. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तारीख आणि वेळ एकाच कागदावर नसेल तर घड्याळ थांबत नाही. जुनी नोटीस काढा आणि तारखेची जागा कोरी आहे का ते पाहा.

आपल्या लोकांना हे सगळं परकं वाटतं, पण कायदेशीर आलेला मराठी माणूसही नकळत यात घसरतो. पासपोर्टची मुदत एच-१बी मंजुरीच्या आधी संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. लोक आय-७९७ या मंजुरीपत्रावरची तारीख धरून बसतात आणि मधल्या काळात बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जात राहतात. दर प्रवासानंतर ऑनलाइन आय-९४ काढून तारीख बघा. आई-वडिलांच्या बी-२ (पर्यटक) व्हिसावर दहा वर्षं लिहिलेलं असतं, पण राहायची मुदत आय-९४ वरची, बहुधा सहा महिने. ती संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज गेला नाही आणि ते राहिले, तर तो दहा वर्षांचा व्हिसा एका दिवसाच्या उशिरानेही रद्द होतो. नोकरी गेली तर देशात थांबायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. मुलांचं एकविसावं वर्ष हा सगळ्यात कठीण घाट, कारण एकवीस पूर्ण झाली की मूल आई-वडिलांच्या अर्जातून गळतं. २००२ च्या कायद्याने अर्ज प्रलंबित राहिलेला काळ वयातून वजा होतो, पण १५ ऑगस्ट २०२५ पासून त्या हिशेबाला व्हिसा बुलेटिन या, रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या, सरकारी पत्रकातली 'अंतिम कारवाई'ची तारीख धरतात, आधी 'दाखल करण्याची' तारीखही चालत होती. त्यामुळे आणखी मुलं बाहेर पडतात.

आणि तुमच्या मूळ प्रश्नातल्या अन्यायाबद्दल. २७ जून २०१३ ला सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी जे विधेयक मंजूर केलं, त्यात बिनकागदी लोकांसाठी तेरा वर्षांची वाट होती, आणि त्याच विधेयकात नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली होती. भारतीयांची रांग ज्या मर्यादेमुळे तुंबली, तीच ही. प्रतिनिधिगृहात ते मतदानालाच आलं नाही आणि दोघांचीही सुटका एकाच दिवशी अडली. पुढे फक्त सात टक्क्यांचं विधेयक वेगळं काढून पाहिलं. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळ्या मजकुराने पास केलं, दोन्ही जुळवायला वेळ उरला नाही आणि काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मुदत संपली. रजिस्ट्रीतून मिळणारं ग्रीन कार्ड १,४०,००० मधून जात नाही, म्हणजे तुमच्या रांगेतला एकही क्रमांक त्यांना द्यावा लागत नाही.

कागद नसलेलं कोणी ओळखीचं असेल, तर त्यांना एक काम आजच करायला सांगा: राहिल्याचा पुरावा तारखेनुसार लावून ठेवणं. १९८७ मध्ये रोखीने पगार घेणारे आणि रोखीने भाडं देणारे पात्र असूनही अडकले, कारण दाखवायला काही नव्हतं. दर तीन-चार महिन्यांमागे निदान एक कागद हवा: कर खात्याचा उतारा, मुलांच्या शाळेचं आणि लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचं बिल, वीजबिल, गावी पैसे पाठवल्याच्या पावत्या, चर्चचं किंवा गुरुद्वाराचं तारखेचं पत्र. यातले गेल्या दोन वर्षांचे कागद वेगळे, लगेच हाती लागतील असे ठेवायचे, आणि एक प्रत विश्वासातल्या माणसाकडे द्यायची. न्यायाधीशासमोर न नेता झटपट हद्दपार करायची पद्धत दोन वर्षांच्या आत आलेल्यांना देशभर लावायचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका संघीय न्यायालयाने तो रोखला, पण वाद वरच्या न्यायालयात गेला आहे, आणि पकडलं गेल्यावर दोन वर्षांहून जास्त राहिल्याचं दाखवायची जबाबदारी त्या माणसाचीच असते.